गळ्यात माळ, हातात कोलेजनची डबी

लालबागहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आटोपतं करून देते.

"माझं वय ५४. वीस वर्षांपूर्वी आळंदीला माळ घातली. तेव्हापासून मांसमच्छी सोडा, अंडं घातलेला केकही तोंडात घेतला नाही. मुलगी लोअर परळला नोकरी करते. 'आई, चेहरा किती सुकलाय तुझा' म्हणत तिनं माझ्या वाढदिवसाला एकोणीसशे रुपयांचं क्रीम आणलं. पंधरा दिवस लावलं, चेहरा खरंच मऊ झाला. मग शेजारच्या मुलानं डबीवरचं वाचून सांगितलं की यात कोलेजन आहे, ते गुरांच्या कातड्यातून किंवा माशांच्या खवल्यांतून काढतात. त्या दिवसापासून डबीला हात लावलेला नाही. मुलीला अजून सांगितलं नाही, ती हिरमुसेल. हे लावणं अपायकारक असतं का? त्याचा खरंच काही गुण येतो का? आणि माझी माळ मोडली का? शेवटचं एक. माझ्या दोन वर्षांच्या नातीला कोपराच्या नि गुडघ्याच्या लवणीत सारखी खाज सुटते, लाल चट्टे उठतात. सून तिला बकरीच्या दुधाचा साबण लावते, मी साय आणि डाळीचं पीठ लावते. ते तरी चांगलंच ना?"

ताई, तुम्ही नातीचं शेवटी लिहिलंत, मी तिच्यापासून सुरुवात करते. तुमची डबी महिनाभर कपाटात पडून राहिली तरी काही बिघडणार नाही. नातीला मात्र तो साबण आणि साय-पीठ आजपासूनच लावू नका.

यात तुमचं किंवा सुनेचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. साय, डाळीचं पीठ, लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवणं, हे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आणि धडधाकट कातडीच्या मुलांना त्यानं सहसा काही होत नाही. पण नातीची कातडी आत्ता धडधाकट नाही. लवणीतली खाज, पुन्हा पुन्हा उठणारे चट्टे, हे वर्णन लहान मुलांच्या इसबाचं वाटतं. नक्की काय ते डॉक्टर बघून सांगतील. इसबाच्या कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात, आणि त्यांतून अशा गोष्टी आत शिरतात ज्या एरवी दारातच अडल्या असत्या.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण तुमच्या पत्रातल्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिच्यात आहे. प्रथिनं तोंडावाटे पोटात गेली तर शरीर हळूहळू त्यांना ओळखीची मानायला शिकतं. तीच प्रथिनं फुटलेल्या कातडीतून आत गेली तर शरीराला तो हल्ला वाटू शकतो, आणि पुढे कधी तरी तोच पदार्थ खाल्ला की ॲलर्जी उफाळते. लंडनचे डॉक्टर गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये शेंगदाण्याच्या बाबतीत हा संबंध दाखवला. ज्या बाळांच्या कातडीवरच्या पुरळाला शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली गेली होती, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जास्त आढळली. ऑस्ट्रेलियात बकरीच्या दुधाच्या बाबतीत असंच घडल्याची नोंद आहे. इसबावर बकरीच्या दुधाचं क्रीम लावलं, आणि नंतर बकरीच्या दुधाचं चीज खाल्ल्यावर जिवावर बेतणारी ॲलर्जी उठली. तिथले ॲलर्जीचे डॉक्टर आता स्पष्ट सांगतात की इसब असेल तर खाण्याच्या पदार्थांपासून बनलेलं काही कातडीला लावू नका.

हे फक्त प्राण्यांकडून आलेल्या प्रथिनांपुरतं नाही, हेही सांगायला हवं. जपानमध्ये तोंड धुण्याचा एक साबण फार लोकप्रिय झाला होता. त्यात गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे होते. शुद्ध शाकाहारी वस्तू. रोज त्या साबणानं तोंड धुता धुता दोन हजारांहून जास्त माणसांना गव्हाची ॲलर्जी जडली. पाव किंवा शेवया खाऊन जरा चाललं-धावलं की अंगावर गांधी, सुजलेल्या पापण्या, धाप, आणि काहींची तर शुद्ध हरपायची. २०११ मध्ये साबण बाजारातून परत घेतला गेला. प्रथिनाचे तुकडे बरेच मोठे राहिले होते, शरीराला ओळखू येतील इतके मोठे. त्यानंतर युरोपनं नियमच केला की प्रसाधनांतल्या गव्हाच्या प्रथिनाच्या तुकड्याचं सरासरी वजन ३,५०० डाल्टनच्या वर जाता कामा नये. डाल्टन हे रेणू मोजायचं वजनमाप. ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हा नातीला कोमट पाण्यानं थोडक्यात आंघोळ घाला. अंग टिपून, ओलसर असतानाच साधी पांढरी पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर लावा. फेसाळ, सुवासिक साबण नको. तुमच्या घरापासून केईएम आणि वाडिया ही हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर आहेत, दोन्हीकडे तिला दाखवता येईल. जाताना साबणाचं वेष्टन सोबत न्या, आणि साबण लावल्यावर अर्ध्या तासात कधी गांधी उठल्या होत्या का, ओठ सुजले होते का, हे आठवून सांगा. एक विनंती मात्र आहे. या भीतीनं तिचं दूध, पोळी किंवा शेंगदाणे खाण्यातून बंद करू नका. ती पचवत असेल तर ते चालूच राहायला हवं. काय थांबवायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आता तुमची डबी.

मी माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेत शिकले, आता तिला आयसीटी म्हणतात, आणि मग पंचवीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात क्रीम आणि लोशनं बनवली. कोलेजन कारखान्यात येतं ते पोत्यातून, पांढुरक्या पुडीच्या रूपात. कोमट पाण्यात ढवळलं की बोटांना चिकट लागतं आणि सूपासारखा हलका वास येतो. शेजारच्या मुलानं सांगितलं ते खरं आहे. गुरांचं किंवा डुकराचं कातडं, नाहीतर माशांची कातडी आणि खवले, हाच त्याचा कच्चा माल. ससून डॉकला घोळ माशाच्या पोटातला भोत, म्हणजे हवेची पिशवी, मासळीपेक्षा कितीतरी चढ्या भावानं जातो. तो भोतही बराचसा कोलेजनच असतो.

आपल्या अंगातही तेच आहे. कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन म्हणजे कोलेजन. त्याची रचना उलगडण्यात मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांचा मोठा वाटा, १९५४-५५ मधलं काम. तीन लांब धागे एकमेकांभोवती वळलेले, अगदी आपल्या तिपेडी वेणीसारखे. ही अख्खी वेणी जवळपास तीन लाख डाल्टनची. आणि धडधाकट कातडीतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचीच वस्तू सहज आत जाते. क्रीममध्ये सहसा वेणी अख्खी घालत नाहीत, कापून तिचे तुकडे करतात. डबीवर 'हायड्रोलाइज्ड' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ तोच. तेही तुकडे बहुधा काही हजार डाल्टनचे असतात. म्हणजे ते कातडीच्या वरच बसतात. आत जाऊन तुमच्या झिजलेल्या वेणीत नवे पेड घालतील, असं होत नाही. तसं सांगून क्रीम विकलं जातं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण ते घेणाऱ्या बहुतेक बायका तुमच्याच वयाच्या असतात. पाळी गेल्यावर पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलेजन अंदाजे तीस टक्क्यांनी घटतं. आरशात दिसतं ते खरं असतं, आणि त्या खऱ्या चिंतेवर खोटं औषध विकणं मला पटत नाही.

मग चेहरा मऊ का झाला? तोही तुमचा भास नव्हता. प्रथिनाचे तुकडे पाणी धरून ठेवतात आणि कातडीवर तलम पापुद्रा धरतात. ओलावा उडून जात नाही, बारीक रेघा जरा भरून दिसतात. रेशमाचं, दुधाचं, लोकरीच्या केराटिनचं प्रथिनही हेच करतं. गुण एवढाच, पण खरा. धुतलं की उतरतो, पुन्हा लावलं की येतो. आणि हे काम एकटं कोलेजन करत नव्हतं. त्याच डबीत ग्लिसरीन असणार, आणि तुमच्या मऊपणाचं बरंचसं श्रेय त्यालाच द्यायला हवं.

डबी उलटी करून घटकांची यादी बघा. जे जास्त, ते आधी लिहायचं असा नियम आहे. एक टक्का आणि त्याखालचे पदार्थ शेवटी, कुठल्याही क्रमानं. फिनॉक्सीइथेनॉल नावाचा, क्रीम नासू नये म्हणून घालायचा पदार्थ एक टक्क्याहून जास्त घालता येत नाही. कोलेजनचं नाव त्याच्यानंतर आलं असेल, तर समजा कोलेजन एक टक्क्याच्या आत आहे. मी जिथे काम केलं तिथल्या एका कंपनीत कोलेजन हजारात एक भाग घालायचो आणि डबीवर नाव मात्र सोनेरी अक्षरांत. मी त्यावर भांडले होते, आणि हरले होते.

अपायाचं विचारलंत. धडधाकट कातडीच्या मोठ्या माणसाला कोलेजनच्या क्रीमनं इजा होण्याची शक्यता फार कमी. पूर्वी गुरांच्या मेंदूच्या रोगाची धास्ती होती. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये तो रोग ओळखला गेला, आणि पुढे युरोप-अमेरिकेनं गुरांचा मेंदू, मज्जारज्जू असे धोक्याचे भाग प्रसाधनांत वापरायला बंदी घातली. कातडं त्या भागांत येत नाही. सांभाळायचं ते ॲलर्जीवाल्यांनी. ज्याला मासे खाल्ल्यावर त्रास होतो त्यानं माशाच्या कोलेजनपासून दूर राहावं, दुधाची ॲलर्जी असणाऱ्यानं दुधाच्या प्रथिनापासून, अंड्याची असणाऱ्यानं अंड्याच्या बलकाच्या किंवा पांढऱ्याच्या लेपापासून. गोगलगाईच्या स्रावाचं क्रीम हल्ली मुली मागवतात. धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर तिथेही जपून, कारण या दोन ॲलर्जींचं नातं आहे, आणि मुंबईच्या दमट घरांत त्या किड्यांची ॲलर्जी काही दुर्मीळ नाही. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून बघायचं. खाज सुटली, गांधी उठल्या तर तिथेच थांबायचं. ओठ किंवा पापण्या सुजल्या, श्वास लागला, तर वाट न बघता हॉस्पिटल.

आणि माळ.

हा प्रश्न मी रसायनशास्त्रानं सोडवणार नाही. 'इतकं बदललेलं असतं की ते मांस उरत नाही' असं सांगून कुणी तुमची समजूत घालेल. पेशीचा अंश उरत नाही हे खरं, पण ते आलं कुठून हे बदलत नाही, आणि तुम्हाला बोचतंय ते तेच. तुमचं बोचणं मला योग्य वाटतं. मी स्वतः मासे खाते, तरी तुम्ही वीस वर्षं पाळलेली गोष्ट 'फक्त क्रीम तर आहे' म्हणून झटकून टाकणं मला बरोबर वाटत नाही. माळ मोडली का, हे सांगायचा अधिकार ज्यांच्या हातून माळ घातलीत त्यांचा. त्यांना विचारा, मन हलकं होईल. मला एवढंच दिसतं की तुम्ही न कळता लावलं, आणि कळल्या क्षणी हात मागे घेतलात.

रेषा कुठे ओढायची हेही तुमचं तुम्हीच ठरवा. दूध, साय तुम्हाला चालतं, मध चालत असेल. रेशमाचं बघा. कोश उकळत्या पाण्यात टाकून, आतल्या किड्यासकट, धागा काढतात. तरी आपल्या घरांत पूजेला रेशमी सोवळं नेसतात, लग्नात पैठणी नेसतात. क्रीममधलं सेरिसिन म्हणजे त्याच कोशाचा डिंक. काहींना ते चालतं, काहींनी रेशीमच सोडलंय. दोघांचाही मी मान ठेवते.

ओळखायचं कसं ते मात्र मी सांगू शकते. काही डब्यांवर खाण्याच्या वस्तूंसारखा हिरवा किंवा तपकिरी ठिपका असतो, पुष्कळांवर काहीच नसतं, म्हणून यादीच वाचावी लागते. कोलेजन, इलास्टिन, केराटिन, जिलेटिन, सिल्क, सेरिसिन ही नावं प्राण्यांकडची. 'लॅक्टिस प्रोटिनम' म्हणजे दुधाचं प्रथिन, 'कॅप्री लॅक' म्हणजे बकरीचं दूध. साबणावर 'सोडियम टॅलोएट' दिसलं तर चरबी, 'सोडियम पामेट' दिसलं तर पाम तेल. लॅनोलिन हे मेंढीच्या लोकरीचं मेण, लिपस्टिकमधलं कार्मीन किड्यांपासून. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड दोन्हीकडून येऊ शकतं, नावावरून कळत नाही. तिथे कंपनीला ईमेल करून विचारायचं. मुलगी दोन मिनिटांत लिहून देईल. दुकानात 'व्हेगन कोलेजन' म्हणून काही दाखवतील. झाडं कोलेजन बनवत नाहीत. ते एकतर यीस्टसारख्या सूक्ष्म जीवांकडून बनवून घेतलेलं असतं, नाहीतर वनस्पतींची प्रथिनं एकत्र करून दिलेलं नुसतं नाव असतं. माळेला चालेल, पण वेणीचं गणित तिथेही तेच.

आणि 'क्रूएल्टी फ्री'चा शिक्का बघून फसू नका. तो सांगतो की प्राण्यांवर चाचणी केली नाही. आपल्याकडे तर २०१४ पासून प्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्यांना बंदीच आहे. आत प्राण्याचं काही आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

चेहऱ्यासाठी काय लावायचं? रात्री, तोंड धुतल्यावर ओलसर चेहऱ्याला वनस्पतीचं ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम. दोनशे-तीनशे रुपयांत चांगलं मिळतं आणि तोच मऊपणा देतं. दिवसा सनस्क्रीन, रोज, पावसाळ्यातसुद्धा. कोलेजन तोडणारं सगळ्यांत मोठं कारण ऊन आहे, आणि तुम्ही ते दिंडीत वर्षानुवर्षं अंगावर घेतलं असेल. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीचं वय वाढणं इतरांपेक्षा २४ टक्के कमी होतं. कातडीला स्वतःचं कोलेजन बनवायला लावणारं औषधही आहे, ट्रेटिनॉइन. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीशिवाय आणू नका, आधी आधी जळजळ होते. कोलेजनची पावडर प्यायचा विषय कुणी काढेलच. ती गुरांची किंवा माशांचीच असते, पोटात तिचे तुकडे होतात, आणि तिचे गुण सांगणारे बरेचसे अभ्यास ती विकणाऱ्यांच्याच पैशांतून झालेले आहेत. तुमच्यासाठी तो विषय तिथेच संपला.

मुलीला आजच सांगा. चेहरा मऊ झाला होता, तुझ्यामुळे पंधरा दिवस आरशात बघावंसं वाटलं, हे आधी सांगा. तिनं डबी आणली ती तुमचा सुकलेला चेहरा बघून. मग माळेचं सांगा, आणि दुसरं क्रीम आणायला तिलाच सोबत घेऊन दादरला जा. यादी ती वाचेल, निवड तुम्ही करा. उरलेली डबी तिची तिला वापरू द्या, तिला मासळीची ॲलर्जी नसेल तर. डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं आणि त्यात '१२ एम' किंवा '६ एम' लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तेवढेच महिने. तुमच्या वाढदिवसाची तारीख तिला डबीच्या बुडाला लिहून ठेवायला सांगा.